रंगीत चित्राआधी कागदावरचा आकडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षांचा हंगाम आला की आपल्या वर्तमानपत्रात अभियांत्रिकीच्या मुलामुलींच्या प्रकल्पांच्या बातम्या येऊ लागतात. मी त्या आवडीने वाचतो, काहींची कात्रणेही ठेवतो. पण इलेक्ट्रॉनिक्स शाखेतल्या मायक्रोवेव्हच्या प्रकल्पांबाबत एक गोष्ट मला बराच काळ खटकते आहे. हे प्रकल्प आता संगणकावर सुरू होतात आणि संगणकावरच आटोपतात. वेव्हगाइडचा, म्हणजे लहरी नेणाऱ्या पोकळ नळीचा, एखादा भाग सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा, तो सोडवून घ्यायचा, लाल-निळ्या रंगांचे देखणे चित्र अहवालात चिकटवायचे, तोंडी परीक्षेत तेच पडद्यावर हलते दाखवायचे. सॉफ्टवेअरचे ‘रन’ बटण दाबण्याआधी हाताने काय हिशेब केला होता आणि नंतर खऱ्याखुऱ्या तुकड्यावर काय मोजले, हे विचारायला कोणाला सवड नाही. माझे म्हणणे एवढेच की प्रकल्पाचे गुण या दोन गोष्टींना द्यावेत आणि चित्राला शेवटी.

मी पदवीधर अभियंता नव्हे. वास्कोला मुरगाव बंदरात येणाऱ्या जहाजांची, पुढे ट्रॉलरचीही, रडारे दुरुस्त करण्यात माझी उमेद गेली. त्या काळच्या बऱ्याच जहाजांवर रडारचा मुख्य डबा खाली असे आणि तिथून वर मास्टवरच्या फिरत्या अँटेनापर्यंत पितळेची किंवा तांब्याची चौकोनी पोकळ नळी जाई. तीच वेव्हगाइड. तिच्यात तार नसते, काहीच नसते. लहरी हवेतूनच जातात, नळीच्या भिंती त्यांना फक्त बाहेर पडू देत नाहीत. पावसाळ्यात एखाद्या फ्लँजचे, म्हणजे नळीच्या सांध्याचे, रबर गेलेले असले की नळी उघडताना आतून पाणी ओघळायचे आणि भिंतींवर हिरवा कळंक दिसायचा. कप्तान सांगायचा, ‘रडारला किनारा दिसत नाही.’ कसा दिसणार? लहर वर पोचतच नव्हती.

ही पार्श्वभूमी सांगितली ती मोठेपणासाठी नाही. बांदोड्याला आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. काकांना नळ्यांतले कळते, एवढ्या ऐकीव माहितीवर ती लॅपटॉप घेऊन आमच्या पडवीत आली. तिच्या गटाला वेव्हगाइडचा फिल्टर करायचा होता. विषय सोपा आणि सुंदर आहे. नळीत लहरीच्या वाटेत आडव्या येणाऱ्या दोन भिंती घालायच्या, प्रत्येक भिंतीला मधोमध उभी फट ठेवायची. ह्या फटीला आयरिस म्हणतात. दोन आयरिसच्या मध्ये जी बंद खोली तयार होते तिच्यात एक ठरावीक कंप्रता (फ्रिक्वेन्सी) घुमते. तेवढीच पुढे जाते आणि बाकीच्या परत फिरतात.

तिने मॉडेल झकास बांधले होते. मापे बरोबर, पोर्ट, म्हणजे लहर आत-बाहेर जाण्याची तोंडे, जागच्या जागी. उत्तर मात्र असे, की नळीतून काहीच पलीकडे जात नव्हते. आलेख तळाला चिकटलेला, घुमण्याचे शिखर कुठेच नाही. प्रयोगशाळेतून सल्ला मिळाला होता, ‘मेश बारीक कर.’ म्हणजे आतल्या जागेचे आणखी छोटे तुकडे पाड. तिने केले. मग फट रुंद केली, मग पुन्हा मेश बारीक. संगणक रात्रभर घरघरत होता आणि आलेख तसाच.

आता हा मेशचा सल्ला किती महाग असतो तेही सांगतो. केन यी यांनी १९६६ साली मांडलेल्या पद्धतीत जागेचे छोटे ठोकळे पाडून मॅक्सवेलची विद्युत-चुंबकीय क्षेत्रांची समीकरणे क्षणाक्षणाने पुढे सरकवतात. ठोकळ्याची बाजू निम्मी केली की ठोकळे आठपट होतात, वर काळाची पावलेही निम्मी करावी लागतात. काम सोळापट झाले. बाजारातल्या काही पॅकेजांत दुसरी पद्धत असते, चतुष्फलकांच्या जाळीची, आणि ते पॅकेज गरज पडेल तिथे जाळी आपणहून बारीक करते. तरी चुकीचा प्रश्न दिला तर कितीही बारीक जाळीवर चुकीच्याच प्रश्नाचे उत्तर येणार.

मी तिला लॅपटॉप मिटायला सांगितला आणि विचारले, नळीची रुंदी किती? ती म्हणाली, डब्ल्यूआर-९० आहे, आतून २२.८६ मिलिमीटर रुंद, १०.१६ उंच. तिच्यातून किती गिगाहर्ट्झच्या खाली काही जात नाही? हे तिला पाठ होते, ६.५५७. कारण त्या कंप्रतेच्या मोकळ्या लहरीची निम्मी लांबी नळीच्या रुंदीएवढी होते. त्याहून लांब लहर आत टिकत नाही. मग विचारले, संगणकाचे काम कमी करायला तू मॉडेल कापले आहेस का? हो, म्हणाली, चौथाईच सोडवते, बाकीचे तीन भाग सारखेच आहेत. हेही योग्य. मग कापलेल्या जागी कोणती भिंत लावलीस? दोन्हीकडे विद्युत भिंत, म्हणजे धातूसारखी.

घोटाळा तिथे होता. नळीतल्या मुख्य लहरीचे विद्युत क्षेत्र वरच्या भिंतीपासून खालच्या भिंतीकडे उभे असते आणि रुंदीच्या बरोबर मध्यावर सर्वांत जोरदार असते. उंची अर्ध्यावर कापली तर तिथे धातूची भिंत चालते, क्षेत्र तिच्यावर काटकोनात येते. पण रुंदीच्या मध्यावर उभी धातूची भिंत लावली की जिथे क्षेत्र जास्तीत जास्त असायला हवे तिथेच ते शून्य होते. तिथे चुंबकीय भिंत हवी, म्हणजे जिच्यालगत विद्युत क्षेत्र जोरात राहू शकते अशी मानलेली भिंत. धातूची लावल्यामुळे तिची नळी संगणकाच्या लेखी ११.४३ मिलिमीटरची झाली आणि तिचा कटऑफ, म्हणजे जिच्याखाली काही जात नाही ती कंप्रता, दुप्पट, १३.११ गिगाहर्ट्झ. नऊ-दहा गिगाहर्ट्झची लहर तिच्यातून जाणारच नव्हती. सॉफ्टवेअरने एकाही चुकीची सूचना दिली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक नव्हतीच. दिलेला प्रश्न त्याने चोख सोडवला.

हा दोष मुलीचा मी मानत नाही. तिला कोणी सांगितलेच नव्हते की फिल्टर घालण्याआधी रिकामी नळी सोडवून बघ. रिकाम्या नळीचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असते, म्हणून तर ती सोडवायची. ९.४ गिगाहर्ट्झला (फिल्टरसाठी पुढे हीच कंप्रता ठरली) नळीतल्या लहरीची लांबी ४४.५ मिलिमीटर येते. तेवढ्याच लांबीची रिकामी नळी काढली तर पलीकडे सगळी शक्ती पोचली पाहिजे आणि लहरीची कला (फेज) बरोबर एक फेरा फिरून आली पाहिजे. नाही आली तर भिंत चुकली, पोर्ट चुकले किंवा एकक चुकले. मिलिमीटरऐवजी इंच लागलेले मी पाहिले आहेत. पाच मिनिटांचे काम.

दुसरे असेच पोर्टाचे. फटीजवळ मुख्य लहरीबरोबर इतर आकारांची क्षेत्रेही तयार होतात. ती नळीतून पुढे जाऊ शकत नाहीत, जागच्या जागी विरतात. पण विरायला थोडी जागा लागते. मधोमध असलेल्या फटीमुळे जो तिसरा मोड, म्हणजे क्षेत्राचा तिसरा आकार, उठतो तो ९.४ गिगाहर्ट्झला एका सेंटिमीटरवर शेकडा तीनही उरत नाही. म्हणजे पोर्ट फटीपासून दोन सेंटिमीटरवर ठेवले की काळजी नाही. ते चिकटून ठेवले तर उत्तर बिघडते, आणि बिघडले आहे हे चित्राकडे बघून कळत नाही. मुले मॉडेल छोटे ठेवायला पोर्ट जवळ ओढतात. त्यांना हा आकडा काढता येतो, सूत्र पुस्तकात आहे. काढायला कोणी लावत नाही.

इतके वाचून कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला संगणकाचे वावडे आहे. अजिबात नाही. आमच्या वेळी नळीच्या आत काय चालले आहे ते बघायला स्लॉटेड लाइन हे एकच साधन होते. रुंद भिंतीच्या मध्यावर लांब खाच, तिच्यात बारीक सुई, सुई सरकवत जायची आणि मीटरचा काटा कुठे पडतो ते टिपायचे. आज ही मुलगी पडद्यावर लहर फटीवर आपटताना, खोलीत घुमताना दाखवते तेव्हा मला हेवा वाटतो. हाताच्या हिशेबाच्या मर्यादाही मला ठाऊक आहेत. आयरिसचे सोपे सूत्र पत्र्याची जाडी शून्य धरते. खऱ्या भिंतीला जाडी असते, तेवढ्या जाडीतल्या अरुंद फटीतून लहर आणखी क्षीण होऊन जाते आणि फिल्टरचा पट्टा, म्हणजे तो जाऊ देतो त्या कंप्रतांचा टप्पा, सूत्रापेक्षा अरुंद येतो. तो फरक सॉफ्टवेअर अचूक दाखवते, माझी वही नाही. वहीतल्या आकड्याने एवढेच होते की संगणकाचे उत्तर खुळचट असेल तर आपण दचकतो.

एक अवांतर गोष्ट. लहरी पोकळ नळीतून नेण्याचे अगदी सुरुवातीचे काही प्रयोग आपल्याकडे झाले हे आपल्या मुलांना सहसा माहीत नसते. जगदीशचंद्र बोस १८९५च्या सुमारास कोलकात्यात मिलिमीटरच्या पट्ट्यातल्या लहरींवर प्रयोग करत होते, त्यांच्या उपकरणांत नळ्या होत्या आणि कर्ण्यासारखे हॉर्नही. लॉर्ड रेले यांनी नळीतल्या लहरींचे गणित १८९७ साली प्रसिद्ध केले. मग हा विषय जवळजवळ चाळीस वर्षे पडून राहिला आणि १९३६ साली अमेरिकेत साउथवर्थ आणि बॅरो यांनी तो स्वतंत्रपणे पुन्हा वर काढला. बोस यांनी आधी मोजले, सॉफ्टवेअर कुठे होते?

पुन्हा आमच्या फिल्टरकडे. मुलीच्या गटाने आधी १० गिगाहर्ट्झचा बेत धरला होता, आकडा गोल म्हणून. मी विचारले, मोजणार कशावर? कॉलेजात मायक्रोवेव्हचा बेंच, म्हणजे मोजमापाची मांडणी, आहे, पण कपाटात कुलूपबंद. त्यातला क्लायस्ट्रॉन, म्हणजे लहरी निर्माण करणारी ट्यूब, २के२५ जातीचा, जो साडेआठ ते साधारण ९.६ गिगाहर्ट्झपर्यंतच चालतो. दहाला तो पोचतच नाही! ज्या कंप्रतेवर मोजता येत नाही तिथला फिल्टर करायचा कशाला? म्हणून ९.४ ठरवले. जहाजांची तीन सेंटिमीटर लहरीची रडारे ह्याच परिसरात चालतात, त्यामुळे माझ्याकडच्या जुन्या सुट्या भागांचाही उपयोग होणार होता.

नळीतल्या लहरीची निम्मी लांबी २२.२५ मिलिमीटर, फटींच्या परिणामामुळे खोली त्याहून थोडी आखूड ठेवावी लागते. किती आखूड, ते सॉफ्टवेअरने नेमके सांगितले. पट्टा मॉडेलमध्ये साठेक मेगाहर्ट्झचा आला. मग मी तिला खोलीच्या लांबीत एक दशांश मिलिमीटरची चूक झाली तर काय होईल ते कागदावर काढायला लावले. उत्तर सुमारे २२ मेगाहर्ट्झ. साठाच्या पट्ट्यात बावीस सरकले म्हणजे एक तृतीयांश गेले. ‘काका, मग हे करणार कोण?’ हा तिचा खरा पहिला अभियांत्रिकी प्रश्न, असे मला वाटले.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपात आम्ही ॲल्युमिनियमच्या दोन अर्ध्या ठोकळ्यांत तो करून घेतला. ठोकळा कुठून कापायचा हाही विचार करण्याजोगा प्रश्न. रुंद भिंतीच्या बरोबर मध्यावरून कापला तर तिथल्या सांध्याला आडवा जाणारा प्रवाह नसतो, त्यामुळे सांधा किंचित सैल असला तरी गळती होत नाही. स्लॉटेड लाइनची खाच तिथेच असते ती याच कारणाने. मुलीने हे स्वतःच ओळखले आणि मला बरे वाटले. मिलिंगवाल्या कारागिराने मात्र नकाशा बघून मान हलवली. ‘आतला कोपरा असा काटकोनी? जावचें ना.’ कटर गोल असतो. तीन मिलिमीटरचा कटर लावला तर आतल्या कोपऱ्यांत दीड मिलिमीटरची गोलाई राहणारच. अख्ख्या गटाला, त्यांच्या मार्गदर्शकांना आणि सॉफ्टवेअरला जे सुचले नव्हते ते त्या माणसाने नकाशावर नजर टाकताच सांगितले.

तुकडा आला. माझ्या पडवीत क्लायस्ट्रॉन, शक्ती कमी करणारा ॲटेन्युएटर, फ्रिक्वेन्सी मीटर, मग फिल्टर आणि शेवटी पोचलेली शक्ती दाखवणारा डिटेक्टर अशी माळ लावली. शिखर मॉडेलपेक्षा थोडे वर निघाले. मुले हिरमुसली. मी म्हटले, आता गोलाई मॉडेलमध्ये घाला. घातली. मॉडेलचे शिखरही वर सरकले आणि मोजलेल्याच्या जवळ येऊन बसले. कारणही समजण्यासारखे आहे: कोपऱ्यांत चुंबकीय क्षेत्र जोरात असते, तिथली जागा धातूने भरली की घुमण्याची कंप्रता वाढते. राहिला फरक शक्तीच्या घटीचा. मॉडेलमध्ये भिंती आदर्श वाहक धरल्या होत्या, म्हणून घट शून्य. बेंचवर अर्धा-पाऊण डेसिबल. ॲल्युमिनियम आदर्श नसते, आणि ह्या कंप्रतेला प्रवाह धातूच्या पृष्ठभागातल्या मायक्रॉनभर थरातून वाहतो, तेव्हा कटरचे ओरखडेही हिशेबात येतात. भिंतीला खऱ्या ॲल्युमिनियमची वाहकता दिल्यावर घट दिसू लागली, मोजलेल्याएवढी नव्हे, पण दिसू लागली.

हे सगळे मुलांनी अहवालात लिहिले. तोंडी परीक्षेत काय विचारले? मुलीने सांगितले ते असे: हलते चित्र दाखवा, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, मेशमध्ये किती तुकडे होते. ठोकळा टेबलावर होता, तो कोणी हातात घेतला नाही. कॉलेजचे नाव मी घेत नाही, कारण हे एकाच ठिकाणचे आहे असे मला वाटत नाही.

शिक्षकांची बाजूही मला दिसते. सत्र अपुरे, एकेका मार्गदर्शकाकडे पुष्कळ गट, प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाला की जागा रिकामीच. आपल्याकडची हवा अशी की जूनपासून चार महिने उघडा पडलेला बेंच बुरशी धरतो. परवान्याचे सॉफ्टवेअर महाग, प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते, घरी मुलांना मर्यादित विद्यार्थी आवृत्तीवर भागवावे लागते. त्यावर उपाय आहे: ओपनईएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर यीच्याच घराण्यातल्या पद्धतीने चालते, फुकट मिळते आणि ऑक्टेव्ह किंवा पायथन या संगणकीय भाषांमधून चालवता येते. त्यात मॉडेल माउसने ओढून होत नाही, एकेक ठोकळा आकडे लिहून मांडावा लागतो. मुले कुरकुरतात, मला तो गुण वाटतो. भिंत कोणती लावली ते तिथे स्वतःच्या हाताने लिहावे लागते.

बदल मी मागतो तो फारसा खर्चाचा नाही. प्रकल्पाच्या वहीत ‘रन’ दाबण्याआधीचे एक पान असावे, तारीख घालून, मार्गदर्शकाची सही घेऊन: कटऑफ किती, नळीतली लहर केवढी, शिखर कुठे अपेक्षित, एक दशांश मिलिमीटरला किती सरकेल. त्यानंतर रिकाम्या नळीचे उत्तर. मग मॉडेल. आणि जिथे शक्य असेल तिथे एक तरी भाग प्रत्यक्ष करून मोजलेला. मोजमाप जुळले नाही तर गुण कापू नयेत. का जुळले नाही ह्याचे जे पान मुले लिहितील त्याला सर्वाधिक गुण द्यावेत. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला हे पुढच्या शैक्षणिक वर्षापासून सहज करता येईल.

ज्यांच्या घरी किंवा गोदामात जुन्या रडारच्या नळ्या, वाकणे, फ्लँज पडून असतील त्यांनी ते पितळेच्या भावाने भंगारात घालण्याआधी जवळच्या कॉलेजात एकदा विचारावे. आणि ज्या विभागाला कपाटातला बेंच पुन्हा चालू करायचा आहे त्यांच्यासाठी मी शनिवारी मोकळा असतो; माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे. मी येईपर्यंत कोणाला धीर निघाला नाही तर एवढे करावे: क्लायस्ट्रॉनला आधी रिपेलरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन परत फिरवणाऱ्या पट्टीचा, उणा विद्युत दाब (व्होल्टेज) द्यावा, मीटरवर तो दिसतो याची खात्री करावी आणि मगच बीमचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या झोताचा, दाब चढवावा. उलटे केले तर ट्यूब जाते, आणि २के२५ आता सहजासहजी मिळत नाही.

आपला,
एक निवृत्त रडार तंत्रज्ञ,
बांदोडा, फोंडा – गोवा